माशांचं माहेर

माझं लग्न माशांमुळे झालं असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. माझं माहेर कंधारकडचं, तळ्याकाठचं, भोयांचं गाव. सासरही तळ्याकाठचंच, पण अहमदपूरच्या अंगाला, मधे नुसतं माळरान. मी परकर-पोलक्यात होते तेव्हाच्या एका दुष्काळात सासरचं तळं आटायला आलं आणि माझे पुढे झालेले सासरे बैलगाडीत पिंपं घालून आमच्या गावी आले. पिंपांत त्यांच्या तळ्यातले सगळ्यांत मोठे रोहू होते.

आमच्या चार-दोन गावांत ती रीतच होती. एकाचं तळं आटलं की त्यातल्या मोठ्या माद्या सोयऱ्याच्या खोल पाण्यात नेऊन सोडायच्या. पाऊस झाला, ओढ्याचं नवं पाणी तळ्यात शिरलं, की या माद्या उथळात चढून अंडी घालतात. त्या जगल्या तर तळं पुन्हा भरतं, त्या गेल्या तर तळ्यात नुसतं पाणी. म्हणून त्यांना जपायचं, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या पिलांसकट परत पाठवायचं. याला आम्ही 'मासे माहेरी पाठवणं' म्हणत असू. पिंप दारात आलं की त्याला हळदकुंकू लावायचं, कारण लेक आलेली असते. घरात दाणा नसला तर सोयऱ्याला अर्धपोटी परत पाठवलेलं आमच्यात चालून जाई, त्याच्या माशांना पाणी नाकारलेलं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी पिंपाला कुंकू लावायला वडिलांनी मला पुढं केलं आणि सासऱ्यांनी मला तिथंच हेरलं. त्यांचे मासे वर्षभर आमच्या तळ्यात राहिले, परत गेले, आणि काही वर्षांनी त्यांच्या मागोमाग मी गेले. मॅट्रिक होऊन गेले, हे आवर्जून सांगते, कारण सासरच्या आळीत तेव्हा लिहिता येणारी मी एकटीच होते. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन सासरे आणि चिटणीस मी. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा बोलत आणि मी ते कागदावर आणी, पण मला पटलं नाही की मी लेखणी खाली ठेवून बसे. सून इतकी तोंडाळ निघेल हे त्यांना कुंकवाच्या दिवशी कळलं नव्हतं.

मी लिहिते आहे ती गोष्ट लातूर जिल्हा नवा झाल्यानंतरच्या दुष्काळातली. जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्या तोंडी तो 'नवा जिल्हा'च होता. आधी आमचा जिल्ह्याचा साहेब इतका लांब बसायचा की तो आहे की नाही हेच कळत नसे. आता साहेब, जीप, पाट्या सगळं जवळ आलं होतं. माहेर मात्र नांदेड जिल्ह्यात. माळावरून चालत गेलं तर हद्द कुठं ओलांडली हे शेळ्यांनाही कळत नसे आणि मलाही.

पाऊस लागोपाठ दोन वर्षं रुसला होता. प्यायला टँकर, कामाला रोजगार हमीचा रस्ता. माझा नवरा विष्णुपुरीच्या धरणावर दुसऱ्यांची जाळी ओढायला मजुरीनं गेला होता. आमचं तळं आटत आटत सांडव्याजवळच्या एका डोहाएवढं उरलं होतं. बाकी सगळीकडे भेगाळलेला गाळ. पण डोह खोल होता आणि त्यात आमचे मोठे मासे जिवंत होते. मी रोज सकाळी बांधावर जाऊन एखादी पाठ पाण्यावर येते का बघत असे. आली की मगच चूल पेटवायची. आमच्या आळीची पुढची सगळी सालं त्या एका डोहात होती, दुसरीकडे कुठं काही ठेवलेलं नव्हतं.

थंडीत माशांचा रोग आला. आधी कंधारकडच्या तळ्यांत. माशाच्या अंगावर विडीचा चटका बसावा तसा लाल डाग पडायचा, मग तिथं खड्डा, मग आतलं मांस दिसायचं. मासा कडेला येऊन नुसता उभा राहायचा, हातानं धरला तरी पळत नसे. त्यानंतर आमच्याच बाजूच्या एका गावात रोग आला आणि महिनाभरात ते तळं मेलं. एस.टी. त्या गावावरून जाताना आतले लोक नाकाला पदर लावत. त्या गावानं काय केलं होतं? सोयऱ्याची पिंपं घेतली होती, हळदकुंकू लावून.

मत्स्य खात्याचे साहेब जीपमधून आले ते यानंतर. बांधावर उभं राहून त्यांनी सांगितलं, "याला औषध नाही. रोग असलेल्या किंवा त्याच्या आसपासच्या तळ्यातला जिवंत मासा, बीज, जाळं, भांडं, काहीही तुमच्या पाण्याला लागू द्यायचं नाही. नेआण थांबली तर रोग थांबेल. चुना आणून ठेवा."

"साहेब, डाग नसलेला मासा असला तर?" मी विचारलं.

"डाग नंतर पडतात. रोग आधी येतो."

"आन् सोयऱ्याचे मासे असले तर?"

ते हसले. "माशाला कसले सोयरे, बाई?"

मला राग आला. त्यांना हसायला काय, त्यांच्या दारात कुणाचं पिंप येणार होतं? पण ते बोलले ते खोटं नव्हतं आणि एस.टी.तला वास माझ्या नाकातून गेला नव्हता. मी त्याच दिवशी आळीला गोळा केलं आणि नियम वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम दुसऱ्यासाठी असतो तेव्हा माना फार सहज हलतात. मामांची मान तेवढी हलली नाही. मी अहमदपूरच्या एका आप्पांच्या दुकानातून चुन्याची पोती आणवली. आप्पा गळ्यात लिंग घालणारे, मासा शब्द काढला की तोंड फिरवणारे. "तुमच्या माशांसाठी म्हनून सांगू नगा, भिंतीसाठी म्हनून न्या," म्हणाले आणि पोती उधार दिली.

शिवरात्र झाली होती. ऊन चढायला लागलं होतं, पण पहाटे अजून गोधडी लागायची. अशाच एका सकाळी मी बांधावर होते आणि माळाच्या बाजूनं एक बैलगाडी येताना दिसली. डांबरी रस्ता सोडून गाडी गाडवाटेनं येत होती, म्हणजे कुणाला तरी हद्दीवरची खात्याची बंदीची पाटी टाळायची होती. गाडीत पिंप होतं. पिंपाशी एक माणूस डाव्या हातात कासरा धरून वाकून बसला होता आणि त्याचा उजवा हात सारखा पाण्यात वरखाली चालला होता.

तो अण्णा होता, माझा थोरला भाऊ.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. अण्णानं स्वतःची शाळा सोडून जाळं घेतलं आणि मला मॅट्रिक केलं. मी आज ही चार अक्षरं लिहिते ती त्याच्या जिवावर. त्याला दारात आलेलं बघून आनंद व्हायला हवा होता. मी आधी पिंपाकडे बघितलं.

गाडी सांडव्याजवळ थांबली. अण्णानं माझ्याकडे बघितलं, पण हात थांबवला नाही. पिंपातलं पाणी हातानं सारखं हलवत राहिलं तरच मासे तग धरतात. हात थांबला की ते तोंड वर काढून तडफडायला लागतात. पहाटेपासून तो तसाच हात मारत आला होता. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"बाई," तो म्हणाला, "आपलं तळं गेलं गं. नुसता चिखल हाय. ह्या चार-पाच माद्या तेवढ्या निवडून आणल्या. सोड लवकर, दम लागून राहिलाय त्यांना."

मी काही बोलायच्या आत मामा घरातून निघालेले दिसले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. गाडी येताना त्यांनीही पाहिली होती. इतक्या वर्षांची परतफेड करायची संधी दारात आली होती आणि म्हातारा लगबगीनं येत होता. त्यांनी पिंपाला कुंकू लावलं आणि गाडीला बांधलेली दोरी सोडायला हात घातला.

"मामा, थांबा," मी म्हणाले. "दोरी सोडू नका."

"कामून?"

"तुमाला ठावं हाय कामून."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं तरी मान खाली जाते. "तुझ्या बापानं माझे मासे घेतले तवा काय इचारलं न्हाई. तुलाच पुढं केलं व्हतं कुंकू लावाया. इसरलीस?"

"न्हाई इसरले."

"मग?"

अण्णा मधे बोलला. "माझ्या तळ्यात रोग न्हाई बाई. शेजारच्या गावात हाय, माझ्यात न्हाई. हात घालून बघ. येक डाग घावला तर मी जातो माघारी."

मी वाकून बघितलं. मोठ्या, तांबूस खवल्यांच्या, जडशीळ माद्या एकमेकींना घासत फिरत होत्या. एकीवरही डाग नव्हता. अंग कसं निर्मळ. त्या क्षणी मी 'सोडा' म्हणणार होते, शब्द ओठांवर आला होता. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"शेजारच्या गावाला अन् आपल्याला मोठं जाळं येकच हाय ना अण्णा? आवंदा त्यांच्याकडं नेलं व्हतं?"

अण्णाचा हात पाण्यात चालूच होता. त्यानं मान खाली घालून पाण्यात बघितलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही आणि मला तेव्हा वाटलं, देवा, आज तरी जमू दे.

एव्हाना आळीतल्या बाया बांधावर जमल्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं, ते बरं नव्हतं. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला येतं. मामांनी वाट काढून बघितली. "येगळा खड्डा करू. त्यात ठिवू महिनाभर."

"पाणी कुठलं मामा? खड्ड्यात टाकलं की संध्याकाळपत्तोर भुई पिऊन टाकती."

"हिरीत सोडू."

यावर मात्र बाया बोलल्या. विहिरीत टँकरचं पाणी टाकत, तेच सगळे पीत. अण्णा एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. ऊन वर येत होतं आणि पिंपाचा पत्रा तापायला लागला होता.

तेवढ्यात माझी शेजारीण पुढं आली. उदगीरकडची, मायाळू बाई. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घे बाई तू. सख्खा भाऊ हाय. आमी कुनी काय म्हननार न्हाई. माझाबी भाऊ उद्या येतो म्हनलाय पिंप घिऊन."

ती चांगल्या मनानं बोलली. माझी बाजू घेत होती. पण मी बाकीच्या बायांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की प्रत्येकीचा कुणी ना कुणी भाऊ आहे, प्रत्येकीचं माहेर आटलं आहे, आणि सगळ्या माझ्या होकाराची वाट बघत उभ्या आहेत. मी हो म्हटलं की उद्या माळावर गाड्यांची रांग लागणार. त्यांतलं एक पिंप तरी रोगट असणार, आणि डोह एकच.

"न्हाई," मी म्हणाले. "कुनाचेच न्हाई घ्यायचे. अण्णाचेबी न्हाई."

मामांनी तांब्या खाली ठेवला. "ही माझी सून न्हाई," असं काहीतरी ते पुटपुटले आणि करंडा तसाच हातात धरून बांधावरून चालू लागले. मी त्यांना हाक मारली नाही. हाक मारली असती तर रडले असते.

अण्णा मात्र हलला नाही. तो गाडीतच बसून होता. त्यानं मान वर करून डोहाकडे बघितलं. हाकेच्या अंतरावर हिरवट पाणी होतं, सावलीतलं, गार. मग त्यानं पिंपात बघितलं. परत न्यायचं कुठं? घरी चिखल, वाटेत ऊन. जगात त्या माशांना कुठंही जागा नव्हती, आणि जिथं होती तिथं मी उभी होते.

अण्णाचा हात थांबला.

इतका वेळ चाललेला पाण्याचा आवाज बंद झाला. मग पिंपातून तोंडं वर यायला लागली. उघडी, मिटती, उघडी. मी बघत राहिले. तोंड फिरवणं सोपं होतं, पण ते मी करायचं नाही असं ठरवलं. मी नाही म्हटलं होतं, तर नाहीचं काय होतं ते मला दिसायला हवं होतं. अण्णाही बघत होता. आम्ही दोघं भाऊ-बहीण पिंपाच्या दोन बाजूंना होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पानी कुठं ओतू?"

मी डोहापासून लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला खड्डा दाखवला. त्यानं कुणालाही हात लावू दिला नाही. पिंप एकट्यानं उतरवलं, पाणी खड्ड्यात ओतलं, मासे टोपलीत घेतले. मी चुन्याचं पोतं फोडलं. पिंप, गाडीची फळी, त्याचे हात, माझे हात, सगळं चुन्याच्या पाण्यानं धुतलं. त्याच्या सुरकुतलेल्या बोटांना चुना झोंबत असणार.

टोपली माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "वाया घालू नगस. कालवन कर."

पुढचं आधीच सांगून टाकते. आमचा डोह जगला. पाऊस आला तेव्हा माद्या चढल्या, तळं भरलं आणि त्या साली आजूबाजूच्या कितीतरी गावांनी आमच्याकडून पिलं नेली. मामा माझ्याशी बोलले, पण पाऊस पडल्यावर, तोवर नाही. साहेब पुन्हा आले आणि माझं कौतुक करून गेले. मला ते कौतुक नको होतं. मी त्यांना एकच विचारलं, त्या माशांत रोग होता का? ते म्हणाले, आता कसं सांगणार. बरोबर आहे, कसं सांगणार. अण्णाच्या माद्या रोगट होत्या की ठणठणीत, हे मला आजही माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. नियमाला ते कळण्याची गरज नसते, म्हणून तर तो नियम. पण बहिणीला असते. त्या दिवसाबद्दल मला कुणी विचारलं की बरोबर केलं का, तर मी हो म्हणते आणि विचारणाऱ्याचा राग येतो.

त्या दुपारी मी अंगणाच्या कोपऱ्यात विळी घेऊन बसले. आमच्या घरात इतका मोठा मासा कित्येक महिन्यांत आला नव्हता. पहिली मादी चिरली आणि माझा हात आतच थांबला. पोटात अंड्यांच्या दोन पट्ट्या धरल्या होत्या, कोवळ्या, फिकट पिवळ्या. दुसरीतही. तिसरीतही. पाऊस पडेपर्यंत त्या पिकल्या असत्या. अण्णाचं तळं माझ्या हातांवर होतं, गिळगिळीत आणि अजून गार. आमच्याकडे अंडी तव्यावर परतून पाहुण्याच्या ताटात आधी वाढतात, तो मान असतो. मला ते जमेना. मी आतडी, खवले, कल्ले आणि सगळी अंडी गोळा केली, पदरानं तोंड दाबून त्या खड्ड्यापाशी नेली आणि वर चुना लोटला. विळी तिथंच धुतली.

अण्णा ओसरीत बसला होता. मी ताट वाढलं. जोंधळ्याची भाकर, कालवण, मिठाचा खडा. त्यानं ताटाकडे बघितलं. कालवणातला तुकडा उलटा केला, पुन्हा सरळ केला. तो मासेमार, त्याच्यापासून काय लपणार?

"माद्या भरलेल्या व्हत्या," तो म्हणाला. "अंडी कुठं हायत?"

"खड्ड्यात टाकली."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता तो ताट सारून उठेल, या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणेल, असं मला वाटलं. म्हणाला असता तर मी काय उत्तर देणार होते? त्यानं मान वर केली.

"वर चुना टाकलास?"

"हाव."

"नीट टाकलास? कुत्रं उकरून तुझ्या पान्याकडं न्हेईल."

"नीट टाकला अण्णा."

मग त्यानं भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. त्यानं सगळं ताट संपवलं. मी समोर उभी राहून रडत होते आणि तो जेवत होता.